येझदीचं इंजिन बांधलं, तरी पुन्हा धूर आणि पुन्हा जॅम: तिसऱ्यांदा बोर करण्याआधी हे तपासा

येझदी म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन तुमच्या गाडीला जुळत असतील तरच पुढे वाचा.

इंजिन नुकतंच बांधलेलं आहे. नवा बोर (म्हणजे सिलिंडर आतून कातून थोडा मोठा केलेला), नवा पिस्टन, नव्या रिंगा. पहिले शे-दोनशे किलोमीटर गाडी छान पळते. मग एका सकाळी किक मारल्यावर जो पांढरट धूर येतो तो गाडी तापली तरी जात नाही. सिग्नलला मागचा रिक्षावाला नाकाला रुमाल लावतो. प्लग काढला तर ओला आणि तेलकट. सायलेन्सरच्या जोडातून काळं पाणी ठिबकतं. आणि गिअर ऑइलची पातळी खाली गेलेली असते, जमिनीवर मात्र एक थेंब नसतो.

दुसऱ्या तऱ्हेत धूर अजिबात नसतो. रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, उभ्या गाडीवर घूं घूं करत राहतं. प्लग पांढराफटक. शहरात काही कळत नाही, पण पंधरा-वीस किलोमीटर सलग पळवून चढ लागला की गाडी दमल्यासारखी होते आणि मागचं चाक लॉक. पंधरा मिनिटं थंड केली की पुन्हा चालू. गॅरेजवाला सांगतो, 'पिस्टन जॅम. बोर करावा लागेल.'

माझी 1984 ची येझदी रोडकिंग या दोन्ही तऱ्हांमधून गेली. बाबांची गाडी. पहिल्यांदा कसारा घाटात जॅम झाली, बोर केला. पाच महिन्यांनी लालबागच्या पुलावर जॅम झाली, पुन्हा बोर केला. दोन्ही वेळा एकाच गॅरेजमध्ये, आणि दोन्ही वेळा 'आता बघा, दहा वर्षं काढेल' हे वाक्य ऐकून. तिसऱ्या वेळी मी इंजिन उतरवून चाळीच्या गॅलरीत स्टुलावर ठेवलं आणि स्वतः बसलो. त्यानंतर मित्रांच्या सहा-सात येझदी आणि दोन जुन्या जावा याच तक्रारीसाठी उघडल्या. पिस्टन मुळात खराब होता अशी त्यात एकच निघाली.

बाकी सगळ्या ठिकाणी हवा नको तिथून आत येत होती, नाहीतर तेल नको तिथून. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची क्रँककेस हीसुद्धा पंपासारखी काम करते. पिस्टन वर गेला की ती कार्बुरेटरमधून पेट्रोल-हवा ओढते, खाली आला की तेच मिश्रण दाबून वर पाठवते. पंप हवाबंदच हवा. पिस्टन ज्या शाफ्टला फिरवतो त्या क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील, म्हणजे रबरी ओठाच्या कड्या, असतात. डाव्या सीलच्या पलीकडे प्रायमरी चेन आणि गिअर ऑइल. ते गेलं की इंजिन गिअर ऑइल पितं आणि धूर सोडतं. उजव्या सीलच्या पलीकडे डायनॅमो, म्हणजे नुसती हवा. ते गेलं की फुकटची हवा आत येते, पेट्रोल आणि त्यातलं 2टी ऑइल दोन्ही त्या मानाने कमी पडतं, पिस्टन तापून फुगतो आणि जॅम होतो.

पण सीलपर्यंत पोचायला अर्धं इंजिन खोलावं लागतं. म्हणून आधी फुकटचे उपाय.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण. हसू नका. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं, ते मेणचट धुळीने बुजतं. मग टाकीत निर्वात होऊन पेट्रोल येणं हळूहळू आटतं. गाडी दम टाकायला लागली की बाजूला घ्या आणि झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला आणि गाडी सुधारली तर तुमचा खर्च एका टाचणीचा. माहीमच्या एका मित्राचा जॅम एवढ्यावर बरा झाला. त्याने त्याआधी नवा कार्बुरेटर घेतला होता, तो अजून कपाटात आहे.

मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक. पाइप कार्बुरेटरपासून काढून बाटलीत सोडा आणि एक मिनिट धार बघा. सलग हवी, करंगळीएवढी नसली तरी चालेल. आपल्या खाऱ्या हवेत टाकी आतून गंजते आणि तो लाल गाळ कॉकच्या जाळीत बसतो. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत तर हमखास.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या 2टी ऑइलचं माप. 'अंदाजाने दोन झाकणं' बंद करा. मी लिटरला 40 मिली टाकतो, म्हणजे एकास पंचवीस. इंजिन नवं बांधलेलं असेल तर पहिले पाचशे किलोमीटर लिटरला 50 मिली. औषधाच्या बाटलीवर खुणा करून डिकीत ठेवली आहे. इथे एक उलटा फास आहे. जॅमच्या भीतीने लोक ऑइल दुप्पट करतात. तेल जास्त म्हणजे त्याच जेटमधून (कार्बुरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून) जाणारं पेट्रोल तेवढं कमी. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि इंजिन आणखी तापतं. वर धूर होतो तो वेगळाच, आणि तो बघून सील गेल्याचा भ्रम होतो.

पेट्रोलचंही बदललंय. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जुना जेट तोच ठेवला तर गाडी आपसूक पातळ चालते. मी मेन जेट एक नंबर मोठा टाकला आणि सुई एक खाच वर घेतली. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून जूनमध्ये भरलेली टाकी गणपतीत उघडू नका. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बुरेटर रिकामा करा.

आता प्लग. पाच किलोमीटर नीट पळवा, वेगात असतानाच इंजिन बंद करून क्लच दाबा, थांबा आणि प्लग काढा. रिकाम्या, सरळ रस्त्यावरच, आरसा बघून. घराखाली दहा मिनिटं रेस करून काढलेला प्लग काहीच सांगत नाही. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरा असेल तर हवा जास्त किंवा टायमिंग पुढे. काळा आणि कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त. काळा, ओला आणि बोटाला चिकट म्हणजे तेल. त्या तेलाचा वास घ्या. 2टीचा वास गोडसर असतो, गिअर ऑइलचा जड आणि करपट. एकदा नाकात बसला की विसरत नाही.

प्लग पांढरा असेल तर पुढची दोन कामं करा. टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, हे पहिलं. स्पार्क पाडणारे पॉइंट झिजले की कोणीतरी फिलर गेजशिवाय (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांशिवाय) डोळ्यांनी गॅप लावतो. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, स्पार्क लवकर पडतो, इंजिन तापतं. मी 0.4 मिमी ठेवतो आणि मगच प्लगच्या भोकात डायल गेज लावून टायमिंग बघतो. क्रम हाच. टायमिंग लावून नंतर गॅपला हात लावला तर पहिलं काम पाण्यात.

दुसरं काम कार्बुरेटरच्या जोडाचं. इंजिन मंद चालू ठेवून कार्बुरेटर आणि ब्लॉक (सिलिंडर) यांच्या मधल्या जोडावर डब्ल्यूडी-40 ची बारीक फवारणी करा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा जाते. हाच प्रयोग काही जण पेट्रोल शिंपडून करतात. गरम इंजिन, उघडे पॉइंट आणि वर पेट्रोल. तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली कृपा करून नको. फ्लँज, म्हणजे कार्बुरेटरची जोडावर टेकणारी सपाट बाजू, वाकडा झालेला असतो, कारण प्रत्येकाने गळती थांबवायला नट आणखी आवळलेला असतो. काचेच्या तुकड्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून ठेवा आणि फ्लँज आठच्या आकड्यात घासा. सगळीकडे सारखी चमक आली की नवं पॅकिंग. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन थापू नका, पेट्रोलने ते फुगून आत लोंबतं.

धुराची तक्रार असेल तर गिअर ऑइल मोजून भरा आणि तारीख लिहा. तीनशे किलोमीटरनंतर गाडी सरळ उभी करून, गरम असताना पूर्ण उतरवा आणि परत मोजा. शंभर मिलीच्या वर गायब असेल आणि बाहेर गळती नसेल तर ते जाळलं गेलंय, दुसरी जागा नाही. उतरवलेल्या तेलाला पेट्रोलचा वास येतो का तेही बघा. सील दोन्हीकडे गळतं. इंजिन तेल ओढतं तसंच दाबाच्या वेळी पेट्रोल तिकडे ढकलतं. पातळ झालेल्या तेलात क्लच आणि गिअरही झिजतात.

इथपर्यंत खर्च हजाराच्या आत. यानंतरची तपासणी कुणी करत नाही, आणि माझं सगळं सांगणं खरं तर हिच्यासाठीच आहे: क्रँककेसमध्ये हवा भरून बघणं.

आईचं जुनं बीपीचं मशीन होतं, पट्टा फाटलेलं. त्याचा रबरी फुगा आणि घड्याळ मी काढून घेतलं. त्या घड्याळावरचा 300 चा आकडा म्हणजे सुमारे 5.8 पीएसआय. या कामाला एवढाच दाब हवा. टायरच्या पंपाने भरू नका, चांगली सीलंही उलटी होतील. एका जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढली, लेथवाल्याकडून त्यात पितळेची नळी ब्रेझ करून घेतली आणि बीपीची रबरी नळी तिच्यावर चढवली. कार्बुरेटर काढून तिथे ट्यूबचं रबर आणि वर पत्र्याची पट्टी, मूळच्याच नटांनी घट्ट. दोन्ही एक्झॉस्टला जाड रबराच्या चकत्या, मागे पत्रा, आणि सायलेन्सरच्याच रिंग नटांनी दाबल्या. पिस्टन अगदी खाली आणायचा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून वर जाणारी सिलिंडरची भोकं) उघडे राहून वरचा भाग आणि क्रँककेस एकच खोली होते. मग फुगा दाबत 300 पर्यंत न्यायचं आणि थांबायचं.

चांगल्या इंजिनात काटा पाच मिनिटांत 270 च्या आसपास येतो. माझा पहिल्या वेळी दहा सेकंदांत शून्यावर. शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, 'याचं बीपी फारच लो दिसतंय रे.'

गळती कुठे ते साबणाचं पाणी सांगतं. भांडी घासायचा ब्रश घेऊन आधी हेडचा जोड, ब्लॉकखालचं पॅकिंग आणि दोन केसमधली रेघ ओली करा. तुमच्या बंदोबस्ताची रबरंही तपासा; अर्ध्या वेळा गळती तिथेच असते आणि माणूस उगाच घाबरतो. तिथे काही नसेल तर गिअर ऑइल भरायच्या तोंडाशी कान लावा. आत बुडबुड ऐकू आली तर डावं सील. उजवीकडे डायनॅमो उतरवून शाफ्टभोवती साबण लावा. माझ्या गाडीत तिथे लिंबाएवढा फेस फुगला. दोन बोर आणि दोन पिस्टनचे पैसे त्या फेसात दिसत होते.

सील आणायला मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात जा, पण 'येझदीचं सील द्या' म्हणू नका. येझदीचा जुना कारखाना 1996 ला बंद झाला. त्या नावाने पाकिटात काहीही मिळतं. जुनं सील सोबत न्या, शिवाय शाफ्टचा व्यास, सील ज्यात बसतं त्या घराचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून मिलिमीटरमध्ये कागदावर न्या. व्हायटन नावाच्या रबराचं मागा. साध्या काळ्या रबरापेक्षा महाग पडतं, पण उष्णता आणि इथेनॉल दोन्ही सोसतं. बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. ओठाला बोटभर 2टी ऑइल लावा, कोरडं सील पहिल्याच किकला जळतं.

शाफ्टवर सील जिथे टेकतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे आणि नवं सीलही त्या खाचेत गळणार. सीलच्या घरात जागा असेल तर सील मिलिमीटरभर आत-बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. आणि त्याच वेळी क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवून बघा. बोटांना हालचाल जाणवली तर क्रँकला धरणारं मेन बेअरिंग गेलेलं आहे. डुगडुगणाऱ्या शाफ्टवर कितीही चांगलं सील लावलं तरी ते काही महिन्यांत खलास. तक्रार 'पुन्हा पुन्हा' येण्याचं हे सर्वांत मोठं कारण. मिस्त्री सील बदलतो, बेअरिंग बदलायला केस उघडावी लागते म्हणून गप्प बसतो, आणि गिऱ्हाइकही खर्च वाचला म्हणून खूश असतं.

इथे थांबा. यापुढचं काम घरचं नाही.

बेअरिंगसाठी केस उघडायची तर क्लच आणि डायनॅमोचे खास पुलर लागतात. केसच्या जोडात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर अॅल्युमिनियमला कायमची जखम होते, आणि ती गळती कुठल्याच सीलने थांबत नाही. मी स्वतः एकदा केलंय. क्रँकचं बिग एंड (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो ती जागा) वर-खाली हलत असेल तर क्रँक प्रेसवर फोडून नवा रॉड बसवावा लागतो आणि मग दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजवर सरळ करावा लागतो. हे काम रोज करणाऱ्या माणसाकडेच द्या, आणि टोकांचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारा डगमग, किती आला ते विचारा. 0.03 मिमीच्या आत हवा. 'एकदम ओके' हे माप नव्हे. आकडा सांगत नसेल तर क्रँक उचला आणि दुसरीकडे जा. केसला तडा असेल, बेअरिंग घरात सैल फिरत असेल, तरीही हेच.

आणि गाडी चालताना जॅम होत असेल तर ती चालवून बघायची नाही, टेम्पोत घालून न्यायची. मागचं चाक लॉक झालं तेव्हा मी लालबागच्या पुलावर डावीकडे होतो म्हणून बचावलो. तेव्हापासून दोन बोटं कायम क्लचवर असतात.

बोर करायची वेळ खरंच आली असेल तर जुना पिस्टन फेकू नका, वाचा. एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे म्हणजे मिश्रण पातळ किंवा ऑइल कमी. वरचं सगळं पुन्हा तपासा. चार कोपऱ्यांवर सारखे चार चट्टे म्हणजे बोर टाइट, किंवा गाडी थंड असतानाच दामटली. बोरवाल्याला पिस्टन हातात देऊन त्याच्या मापाने बोर करायला सांगा, नुसतं '50 चा ओव्हरसाइज करा' (म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा) म्हणून ब्लॉक टाकून येऊ नका. बोरनंतर पोर्टच्या कडा धारदार राहतात, त्या घासून बोथट करून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. पिस्टनच्या पिनचे लॉक नवेच घाला. बारीक तार आहे, पण सुटली तर ब्लॉकला वरून खाली चर पडतो.

सगळं नीट जोडल्यावर एक गोष्ट घाबरवते, म्हणून सांगून ठेवतो. नवं सील बसवलं तरी गाडी धूर सोडतच राहते. गेल्या काही महिन्यांत जाळलेलं गिअर ऑइल दोन्ही सायलेन्सरमध्ये साचलेलं असतं, ते जळून जाईपर्यंत धूर येणारच. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून धुतल्या तर लवकर संपतो. एका मित्राने याच धुराला घाबरून दुसऱ्या दिवशी इंजिन परत उघडलं, चांगलं बसलेलं सील काढताना त्याचा ओठ फाडला आणि पुन्हा नागदेवीला गेला. माझ्या गाडीचा धूर लालबागहून निघाल्यावर सायन-पनवेल रस्त्यावर वाशीच्या खाडीपर्यंत दाट होता, खारघरला विरळ झाला, आणि पनवेलला चहाला थांबलो तेव्हा मागे वळून बघितलं तर काहीच नव्हतं. गिअर ऑइल त्यानंतर तीन वेळा मोजून उतरवलं. जेवढं भरलं होतं तेवढंच निघालं.